देणं की देणगी

“पुढच्या वेळी ॲपवरून नका करू, थेट फोन करा. तुम्हालाही स्वस्त पडेल.”

कोकणात किंवा गोव्यात दोन-चार वेळा होमस्टेमध्ये राहिला असाल, तर हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. निघायच्या वेळी, बॅगा डिकीत भरताना, आगळाची बाटली हातात देत काकू हे हळूच सांगतात. मग ‘होमस्टे काकू मालवण’ या नावाने नंबर सेव्ह होतो. मोबाइलमध्ये असे सात-आठ नंबर जमले की माणूस ग्रुपमधला ट्रिप-तज्ज्ञ होतो.

आमच्या ग्रुपमध्ये या वाक्यावरून एकदा चिपळूणपासून पनवेलपर्यंत वाद चालला. एकाचं म्हणणं, ही सरळ करचोरी आहे. याच हायवेच्या खड्ड्यांवर रील टाकायचं आणि खोलीचे पैसे मात्र बिलाशिवाय द्यायचे, हे जमणार नाही. दुसरा म्हणाला, माझ्या पगारातून दर महिन्याला कापला जातो तो टॅक्स पुरे आहे, काकूंच्या खोलीवर तरी सरकारने डोळा ठेवू नये. तिसरा झोपला होता. मी गप्प होतो, कारण हे बिल आतून कसं तयार होतं ते मला माहीत आहे. मी एका छोट्या कंपनीत बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो आणि लॉज, रिसॉर्ट, होमस्टेवाले ते वापरतात. कर कुठे लागतो, कुठे लागत नाही, हे ठरवणारे ‘इफ-एल्स’ लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्या दोघांचेही मुद्दे त्यात बसत नव्हते.

कायदा साधारण असा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात किंवा गोव्यात त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. काकूंच्या दोन खोल्या, प्रत्येकी अडीच हजार भाडं, वर्षातल्या १२० रात्री भरलेल्या, असं धरलं तर उलाढाल सहा लाख होते. म्हणजे काकू जीएसटीच्या बाहेर. पण हीच खोली ॲपवरून विकली गेली की केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ९(५) लागू होतं. अशा छोट्या यजमानाच्या वतीने प्लॅटफॉर्मनेच कर भरायचा, आणि तोही पहिल्या रुपयापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के दर आहे, त्याआधी तो १२ होता.

म्हणजे तीच खोली, त्याच काकू, तेच घावणे. ॲपवरून गेलात तर कर लागतो, फोनवरून गेलात तर लागत नाही, आणि दोन्ही कायदेशीर. चोरी म्हणणारा मित्र इथे चुकतो. काकूंच्या त्या वाक्याने मुख्यतः वाचतं ते प्लॅटफॉर्मचं कमिशन. तो वाचवणं नैतिक आहे का, हा वेगळा प्रश्न. मला वाटतं, पहिल्यांदा ओळख करून दिल्याचे पैसे प्लॅटफॉर्मला मिळायलाच हवेत. ॲपवर केलेलं बुकिंग रद्द करायला लावून तेच थेट घेणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं आहे. पण पाचव्या भेटीलाही तेच कमिशन मागणं म्हणजे विवाह मंडळाने लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला फी मागण्यासारखं आहे.

आता हेच वाक्य दुसऱ्या तोंडून ऐका. चार बेडरूम, स्विमिंग पूल, एका रात्रीचे २५ हजार. मॅनेजर व्हॉट्सॲपवर सांगतो, “सर, डायरेक्ट करा, कॅश द्या, बिल नको.” या व्हिलाच्या २० लाखांच्या मर्यादेला ८० रात्री पुरतात. पुढच्या रात्रींचं बिल न देणं ही करचोरीच. एक व्हिला स्वतःच्या नावावर, शेजारचा आईच्या आणि त्यापलीकडचा बायकोच्या नावावर, आणि तिघांची उलाढाल कागदावर २० लाखांच्या आत, अशीही सोय करता येते. कंपाउंड एक, केअरटेकर एक, वायफायचा पासवर्डही एकच. काकूंकडे पाहून वाटणारी सहानुभूती या माणसाला फुकट मिळते, कारण त्याचं आणि काकूंचं वाक्य एकच असतं. ‘छोट्या माणसाला त्रास नको’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या छोट्या माणसाच्या मागे कोण उभं आहे तेही बघायला हवं.

वाद इथवर मला सोपा वाटतो. मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

जीएसटीचं बिल तयार करताना एक रकाना भरावा लागतो. त्याला म्हणतात ‘प्लेस ऑफ सप्लाय’, म्हणजे सेवा कुठे दिली गेली ते. त्यात राज्याचा दोन आकडी कोड जातो. महाराष्ट्र २७, गोवा ३०. जीएसटीचं तत्त्व असं, की जिथे वस्तू किंवा सेवा वापरली जाते तिथल्या राज्याला कर मिळावा. राहण्याच्या बाबतीत कायदा म्हणतो, इमारत जिथे आहे ती जागा धरा. बेंगळुरूचा माणूस मोरजीत राहिला, तर राज्याचा अर्धा वाटा गोव्याला जातो, कर्नाटकाला नाही. उरलेला अर्धा केंद्राला. मला हे आवडतं. पाहुणा नुसती खोली वापरत नाही, तो जागा वापरतो, हे कायद्याने इथे मान्य केलं आहे.

पण मान्य करून तो दोन आकड्यांवर थांबतो. पत्त्यात गाव असतं, पिनकोड असतो, पण कराच्या हिशेबात त्यांचा काही उपयोग नाही. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत तुम्ही तीन रात्री राहिलात, तर कराच्या दृष्टीने तुम्ही ‘२७’ मध्ये राहिलात. दोष एकट्या जीएसटीचा नाही. २०१७ च्या आधी महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याचा लक्झरी टॅक्स होता आणि तोही राज्याच्याच तिजोरीत जायचा.

आता पाहुणा नेमकं काय वापरतो ते बघा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी जांभ्या दगडातून आणि उतारावरून ते पाणी निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांत विहिरी तळाला जातात. आपली सुट्टीही नेमकी तेव्हाच असते. समुद्रातून आल्यावर आपण अंघोळ करतो, मग रात्री झोपताना पुन्हा. बाथरूममध्ये गीझर आणि शॉवर असतो, कारण ते नसले तर आपणच एक स्टार कमी देतो. कचरा आपण खोलीतल्या बादलीत टाकतो आणि त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला माहीत नसतं. गावात कचऱ्याची गाडी येत असेल असं आपण धरून चालतो. बऱ्याच गावांत ती येत नाही. मागच्या परसात खड्डा असतो आणि त्यात आपल्या पाण्याच्या बाटल्या जळतात.

ग्रामपंचायतीचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणारं अनुदान. घरपट्टी ठरते घराच्या क्षेत्रफळावर, बांधकामावर आणि वापरावर. वर्षात तिथे किती माणसं किती रात्री झोपली, हा आकडा तिच्यात नाही. अनुदानाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन दिलं, आणि लोकसंख्या धरली २०११ च्या जनगणनेची. पाहुणे त्यात कुठेच नाहीत. समजा गावात १८०० माणसं आहेत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे आणखी ६०० झोपतात. सरकारी हिशेबात त्या रात्रीही गावात १८०० च असतात.

म्हणून ॲपवरून रीतसर कर भरणारा आणि काकूंना थेट पैसे देणारा, यांच्यातला फरक मुंबई-दिल्लीहून मोठा दिसतो. गावातून बघितलं तर तो दिसतच नाही. विहिरीला दोघांकडूनही काही मिळालेलं नसतं. पहिल्याकडे मात्र पावती असते, आणि पावती असली की माणसाला हिशेब मिटल्यासारखं वाटतं.

या वाटण्यावर एक प्रसिद्ध अभ्यास आहे. इस्राएलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी होईल अशी अपेक्षा होती, तो वाढला. पालकांना वाटू लागलं, आपण पैसे भरतो म्हणजे उशीर विकत घेतो. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी हा अभ्यास २००० साली मांडला. पाहुण्याचंही असंच होतं. बिलाच्या तळाशी ‘कर’ असा शब्द दिसला की शॉवर जरा जास्त वेळ चालतो. हैफाच्या पालकांचे पैसे निदान ज्या पाळणाघराला त्रास झाला त्यालाच मिळत होते. आपले पैसे जातात भलतीकडे आणि मन साफ होतं विहिरीपाशी.

काकूंच्या बाजूने एक प्रश्न रास्त आहे. घर माझं, कर्ज माझं, पहाटे पाचला उठून नारळ मी खवते, मग यात गावाचा वाटा कुठून आला? त्याचं मला पटलेलं उत्तर जुनं आहे. हेन्री जॉर्ज नावाच्या अमेरिकन पत्रकाराने १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याचा मुद्दा असा, की जमिनीची किंमत तिचा मालक तयार करत नाही. आजूबाजूची वस्ती, रस्ते, बाजार, माणसं मिळून ती तयार करतात, म्हणून कर लावायचा तर त्या किमतीवर लावावा, माणसाच्या कष्टावर नाही. (पुस्तक लिहिलं गेलं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. सव्वाशे-दीडशे वर्षांनी त्याच शहरात दोन तरुणांनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकून त्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या आणि एअरबीएनबी सुरू झालं. जॉर्जला हे बघायला मजा आली असती.)

काकूंच्या खोलीचं भाडं अडीच हजार आहे. तशीच खोली, तीच गादी, तेच घावणे, पण घाटमाथ्याच्या पायथ्याशी कुठल्याशा बिनसमुद्राच्या गावात असेल तर हजारही मिळायचे नाहीत. घावण्यांचे पैसे काकूंचे, त्यावर कोणाचाही हक्क नाही. पण वरच्या दीड हजारात समुद्र आहे, रापण ओढणारे आहेत, माडांच्या बागा आहेत, रात्री अकराला एकट्या मुलीला बीचवरून चालत येता येतं ती गावाची शांतता आहे. हे काकूंनी केलेलं नाही आणि प्लॅटफॉर्मने तर नाहीच नाही. गावाचं काहीतरी देणं लागतो, असं मी म्हणतो ते या दीड हजाराकडे बघून.

कोकणात या देण्याला आधीपासून एक शब्द आहे, वर्गणी. मुंबईला राहणारा चाकरमानी गावात वर्षातून आठ-दहा दिवस असतो, पण देवळाच्या जीर्णोद्धाराला, जत्रेला, पाखाडीच्या दुरुस्तीला वर्गणी देतो. जागा वापरणाऱ्याने जागेला काहीतरी द्यायचं असतं, ही समज पक्की आहे. मग पाहुण्यांकडूनही वर्गणीच घ्यावी, करकटकट कशाला, असं सुचतं. मलाही काही दिवस हेच सुचत होतं. पण वर्गणी घेणारी गावकी कोणाला आपलं मानते आणि कोणाला नाही, हा प्रश्न विचारला की गोष्ट जातीपर्यंत जाते. वर्गणीतून देवळाचा सभामंडप होतो, पण ज्या वाडीला त्या मंडपात मान नाही तिच्या विहिरीवर पंप बसेलच असं नाही. कर रुक्ष असतो, पण तो निदान कागदावर तरी सगळ्या वाड्यांचा असतो आणि ग्रामसभेत उठून त्याचा हिशेब विचारता येतो. हा कर वर्गणीपेक्षा मला त्यासाठीच बरा वाटतो.

“ग्रामपंचायतीला पैसे दिले की सरपंचांच्या दारापर्यंत पेव्हर ब्लॉक,” हे वाक्य मी लिहीपर्यंत कोणीतरी कॉमेंटमध्ये टाकायला घेतलं असेल. असेलही तसं. पण मुंबईत गेलेल्या पैशाचं काय झालं हे काकू कोणाला विचारणार? ग्रामपंचायतीतल्या पैशाबद्दल त्या निदान समोर उभ्या राहून भांडू शकतात, आणि माझ्या माहितीतल्या काकू भांडतात.

धोका दुसरीकडे आहे. पाहुण्याला गावात मत नसतं, आणि मत नसलेल्या माणसावर कर लावायला सगळ्यांनाच आवडतं. माथेरान, महाबळेश्वरला प्रवासी कर आहे, तो तिथल्या नगरपरिषदेला जातो, इथवर ठीक. पण तो डोक्यामागे असतो. झुणका-भाकर बांधून आणून संध्याकाळी परत जाणाऱ्या कुटुंबाने आणि महागड्या रिसॉर्टमध्ये चार रात्री राहणाऱ्या जोडप्याने माणशी सारखंच भरायचं. जागा कोणी किती वापरली, तिच्यातून कोणी किती कमावलं, याच्याशी त्याचा संबंध उरत नाही. ॲमस्टरडॅममध्ये हा कर राहण्याच्या किमतीवर आहे, २०२४ पासून १२.५ टक्के, आणि तो शहराला मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोत एअरबीएनबीने ऑक्टोबर २०१४ पासून शहराचा १४ टक्के हॉटेल टॅक्स पाहुण्यांकडून गोळा करायला सुरुवात केली. म्हणजे रात्रीगणिक, किमतीनुसार, शहरापर्यंतचा हिशेब सॉफ्टवेअरला जमतो. आपल्याकडे ‘एवढ्या ग्रामपंचायतींचा हिशेब कोण ठेवणार’ असं कोणी म्हणालं, तर माझ्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, आणखी एक कॉलम लागेल. अडचण कोडची नाही. राज्य आणि केंद्र यांच्या पाच टक्क्यांतला एक टक्का खाली सोडायला कोण तयार होईल, ही अडचण आहे. आणि तो त्या पाचातूनच सुटावा, वर आणखी एक नको, नाहीतर काकूंचा पाहुणा शेजारच्या बिनबिलाच्या व्हिलात जाईल.

तोवर माझ्यासारख्याने काय करायचं? मी काकूंना थेट फोन करतो. त्यात राज्याचं काही बुडत नाही हे मला माहीत आहे. पण गावाचं राहतं. म्हणून मागच्या मे महिन्यात, तीन रात्री राहून झाल्यावर, मी गावच्या ग्रामपंचायत कार्यालयात गेलो. साडेसात हजारांचे पाच टक्के म्हणजे ३७५ रुपये, ते भरायचे होते.

“कुठल्या हेडखाली?” ग्रामसेवकांनी विचारलं.

घर नाही म्हणून घरपट्टी नाही, नळजोडणी नाही म्हणून पाणीपट्टी नाही. त्यांनी खरंच मनापासून विचार केला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ मध्ये यात्रेकरूंवर कर लावायची तरतूद आहे, असं मी वाचून गेलो होतो, तेही सांगून पाहिलं. ते म्हणाले, “त्याला आधी ठराव लागतो. आणि साहेब, तुम्ही कुठल्या देवाला आलात?” १९५८ मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गावाला बाहेरून येणारा माणूस म्हणजे जत्रेला येणारा माणूस होता. लॅपटॉप घेऊन, समुद्र बघत मीटिंग करणारा नव्हता.

शेवटी ते म्हणाले, “देणगी म्हणून घेतो.” मला तो शब्द नको होता. देणगी दिली की मी उदार ठरतो, त्यांनी आभार मानायचे, वाटलं तर मी पुढच्या वर्षी दिली नाही तरी चालतं. मी तर वापरलेल्याचे पैसे देत होतो. पण पावतीपुस्तकात दुसरा पर्याय नव्हता आणि ३७५ चा आकडा त्यांना विचित्र वाटत होता, म्हणून ५०० झाले. ‘पाणीपुरवठ्याकरिता देणगी’ असं लिहून त्यांनी पावती फाडली.

माझ्या मागे घरपट्टी भरायला एक आजोबा उभे होते. त्यांनी विचारलं, “तुमचा घर खंय हा?”

मी म्हटलं, “घर नाही इथे. पाहुणा म्हणून आलो होतो.”

“मगे तुमी कित्याक भरतास?”

“तीन दिवस तुमचं पाणी वापरलं, आजोबा.”

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग ग्रामसेवकांना म्हणाले, “मगे माझ्या झिलाकडसून पण घे. तो पण गणपतीक तीनच दीस येता.”